एमएमएमधून बॉक्सिंगमध्ये गेलेल्या लढवय्याची कीर्ती कशी मोजावी? फ्रान्सिस एन्गानूविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींच्या या कोल्हापुरात लढतीची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या कुस्तीभोवती फिरत आली आहे. आता सकाळी जोर-बैठका मारणारी तरुण मुले रात्री मोबाइलवर मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमएच्या लढती पाहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांवर वाद घालतात. एका खेळातला विजेता दुसऱ्या खेळात उतरून हरला, तर त्याची आधीची किंमत कमी होते का, हा प्रश्न त्या वादांत सतत येतो. प्रत्येक लढत ती ज्या नियमांखाली झाली त्या नियमांनीच मोजावी, आणि नवा खेळ शिकायला त्या माणसाला किती वेळ मिळाला हेही पाहावे, ही पुढील उत्तरांमागची भूमिका आहे.

या चर्चेत एन्गानूचेच नाव पुढे का येते?

एमएमएचा हेवीवेट विजेता बॉक्सिंगच्या अव्वल हेवीवेट खेळाडूंसमोर उभा राहतो, तोही लागोपाठ दोनदा, असे त्याच्याआधी घडले नव्हते. एन्गानूचा जन्म १९८६ मध्ये कॅमेरूनमधील बातिए या गावी झाला आणि लहानपणी त्याने वाळूच्या खाणीत मजुरी केली. पुढे वाळवंट ओलांडून तो मोरोक्कोला आणि तेथून समुद्रमार्गे स्पेनला पोहोचला. तेथे काही काळ कोठडीत काढून २०१३ मध्ये तो पॅरिसला आला, तेव्हा त्याच्याजवळ राहायला घरही नव्हते. २०१५ च्या अखेरीस त्याने यूएफसी या सर्वांत मोठ्या एमएमए संस्थेत पदार्पण केले. जानेवारी २०१८ मध्ये स्टिपे मिओचिचने त्याला पाच फेऱ्या जखडून ठेवून हरवले. त्याच मिओचिचला मार्च २०२१ मध्ये दुसऱ्या फेरीत नॉकआउट करून एन्गानू हेवीवेट विजेता झाला.

त्यानंतरच्या एका लढतीकडे कोल्हापूरच्या वाचकांनी मुद्दाम लक्ष द्यावे. जानेवारी २०२२ मध्ये सिरिल गानविरुद्ध एन्गानू दुखावलेल्या गुडघ्याने उतरला आणि पहिल्या दोन फेऱ्यांत मागे पडला. त्यानंतर ज्याची ओळख केवळ ठोशांची होती त्या माणसाने प्रतिस्पर्ध्याला पुन्हा पुन्हा खाली घेतले, वर बसून दाबून ठेवले आणि पाच फेऱ्यांची लढत गुणांवर जिंकली. चार वर्षांपूर्वी ज्या कुस्तीने त्याला हरवले होते, तीच कुस्ती शिकून त्याने विजेतेपद राखले. त्याच्या कारकिर्दीतील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची रात्र हीच आहे, आणि बॉक्सिंगच्या गदारोळात ती झाकली गेली याचे मला मनापासून वाईट वाटते.

तो केवळ पैशासाठी बॉक्सिंगमध्ये गेला का?

पैसा हे कारण होतेच. मात्र बॉक्सिंग हे त्याचे पहिले स्वप्न होते, ही गोष्ट विसरली जाते. कॅमेरूनमध्ये असताना माइक टायसन हा त्याचा आदर्श होता, आणि पॅरिसमध्ये त्याने व्यायामशाळेचे दार ठोठावले ते बॉक्सर होण्यासाठीच. एमएमएचा सल्ला त्याला तेथे इतरांनी दिला, कारण त्या खेळात लवकर चार पैसे मिळण्याची शक्यता होती. त्यामुळे २०२३ मध्ये तो बॉक्सिंगच्या रिंगणात आला तेव्हा दहा वर्षे बाजूला ठेवलेली इच्छा त्याने पुरी केली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. मात्र ती दहा वर्षे बॉक्सिंगच्या सरावात गेली नव्हती, आणि त्याचा परिणाम पुढे दिसला.

टायसन फ्युरीविरुद्ध तोच जिंकला होता, असे अनेक जण म्हणतात. हे खरे आहे का?

निकाल फ्युरीच्या बाजूने लागला आणि तो मान्य करण्याजोगा होता. मात्र उलट निकाल लागला असता तरी त्याला अन्याय म्हणता आले नसते. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी रियाध येथे झालेली ही लढत दहा फेऱ्यांची होती आणि फ्युरीचे डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचे हेवीवेट विजेतेपद पणाला लावलेले नव्हते. फ्युरी तोवर व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये एकदाही हरला नव्हता, तर एन्गानूची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत होती. तिसऱ्या फेरीत फ्युरी पुढे झेपावला, त्याच क्षणी एन्गानूचा डावा हुक बसला आणि फ्युरी खाली गेला. तो उठला, सावरला, आणि पुढच्या फेऱ्यांत जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाच्या आधारे त्याने गुण जमवले. एका पंचाने एन्गानूला ९५-९४ असे पुढे ठेवले, तर उरलेल्या दोघांनी फ्युरीला ९५-९४ आणि ९६-९३ असे गुण दिले.

फ्युरीने पुरेशी तयारी केली नव्हती, ही सबब वारंवार दिली जाते. त्याच्या अवस्थेवरून तसे वाटतेही. परंतु समोरचा गाफील असल्याचा फायदा घेणे हे लढवय्याचे काम आहे, आणि खासबागच्या मैदानात गाफील राहून चितपट झालेल्या पैलवानाची सबब कोणी ऐकून घेत नाही. दहाच्या दहा फेऱ्या टिकणे, दमछाक होऊ न देणे आणि उलट ठोशाची वेळ अचूक साधणे, या तिन्ही गोष्टी एन्गानूने पहिल्याच प्रयत्नात करून दाखवल्या. त्या लढतीनंतर डब्ल्यूबीसीने त्याला आपल्या हेवीवेट क्रमवारीत पहिल्या दहांत स्थान दिले.

मग अँथनी जोशुआने त्याला दोनच फेऱ्यांत कसे संपवले?

८ मार्च २०२४ रोजी, पुन्हा रियाधमध्येच, जोशुआने एन्गानूला पहिल्या फेरीत एकदा आणि दुसऱ्या फेरीत दोनदा पाडले. तिसऱ्या वेळी तो उठू शकला नाही. जोशुआ हा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता आहे, आणि मुख्य म्हणजे तो फ्युरीसारखा बेसावध आला नव्हता. त्याने फ्युरीची लढत पाहिली होती, त्यामुळे एन्गानू कोठे धोकादायक आहे आणि कोठे उघडा पडतो हे त्याला ठाऊक होते. एन्गानू मध्येच पवित्रा बदलून उजवा पाय पुढे घेऊन उभा राहत असे, आणि अशा वेळी समोरच्याच्या सरळ उजव्या ठोशाला वाट मोकळी मिळते. पहिल्या फेरीत जोशुआने त्याला पाडले ते अशाच स्थितीत.

दोन्ही लढतींमध्ये सव्वाचार महिन्यांचे अंतर होते. एवढ्या काळात माणूस एखादा डाव सुधारू शकतो, पण अंगात भिनलेल्या सवयी बदलत नाहीत.

इतक्या ताकदीचा माणूस बॉक्सिंगमध्ये नेमका कोठे कमी पडतो?

ठोसा दोन्ही खेळांत असला तरी त्याच्या आजूबाजूचे सगळे वेगळे असते. एमएमएत लाथ येऊ शकते आणि पटात शिरून पाय उचलले जाऊ शकतात, म्हणून खेळाडू पाय रुंद ठेवून, समोरच्यापासून थोडे दूर उभा राहतो. बॉक्सरला या दोन्हींची भीती नसते. तो पाय जवळ घेतो, पुढच्या पायावर भार देऊ शकतो, कमरेतून वाकून ठोसा चुकवतो आणि तेथूनच परत मारतो. एमएमएत असे वाकणे म्हणजे गुडघ्याला आमंत्रण देणे होय, त्यामुळे ती सवय त्या खेळाडूंना सहसा नसते.

दुसरा फरक ग्लोव्हजचा आहे. एमएमएचे ग्लोव्हज साधारण ४ औंसांचे असतात आणि त्यांत बोटे मोकळी राहतात, तर हेवीवेट बॉक्सिंगमध्ये ते १० औंसांचे असतात. मोठ्या ग्लोव्हजआड चेहरा झाकता येतो, त्यामुळे तो आडोसा फोडायला एकच जोरकस ठोसा पुरत नाही. जॅब, हुलकावणी, पोटावर ठोसा आणि मग वर, अशी मालिका रचावी लागते. मिठी बसली की बॉक्सिंगचा पंच दोघांना सोडवतो, तर एमएमएत खरी लढत तेथूनच सुरू होते. म्हणजे एन्गानूने गानविरुद्ध ज्या गोष्टीने लढत फिरवली, ती बॉक्सिंगच्या रिंगणात त्याच्याकडून काढून घेतलेली होती.

आणि तिसरी गोष्ट अंतराची जाण. समोरचा नेमका किती बोटे दूर आहे, त्याचा खांदा हलला तर ठोसा येणार की हुलकावणी, हे हजारो फेऱ्यांच्या सरावातूनच कळते. कुस्तीतही जुना पैलवान खडाखडी चालू असतानाच समोरच्याच्या हाताच्या दाबावरून पुढचा डाव ओळखतो. ती ओळख ताकदीतून येत नाही.

म्हणजे एमएमए हा बॉक्सिंगपेक्षा दुय्यम खेळ आहे असे समजावे का?

नाही. उलट दिशेने काय घडले ते पाहिले म्हणजे उत्तर मिळते. २८ ऑगस्ट २०१० रोजी बॉस्टनमध्ये बॉक्सिंगचा अनेक वजनगटांतील माजी विश्वविजेता जेम्स टोनी एमएमएत उतरला. समोर रँडी कुतूर होता, ज्याचा पाया कुस्तीचा. कुतूर खाली वाकून सरळ त्याच्या पायाशी गेला, एकेरी पट काढावा तसा पाय ओढून टोनीला पाडले, आणि पहिल्याच फेरीत गळ्याला आवळून हार कबूल करायला लावली. टोनीला एक धड ठोसा मारायचीही संधी मिळाली नाही. यावरून बॉक्सिंग दुय्यम ठरले नाही, तसेच जोशुआच्या विजयावरून एमएमए दुय्यम ठरत नाही.

होली होम हिचे उदाहरण मात्र वेगळे आहे. बॉक्सिंगमध्ये विश्वविजेतेपदे मिळवल्यानंतर तिने एमएमएत काही वर्षे पायरी पायरीने लढती केल्या आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्न येथे, तोवर अजिंक्य असलेल्या राँडा राउझीला दुसऱ्या फेरीत डोक्यावर लाथ मारून नॉकआउट केले. टोनीने एका रात्रीत उडी मारली, होमने वेळ घेतला.

कॉनर मॅकग्रेगरच्या कीर्तीला मेवेदरविरुद्धच्या पराभवाने धक्का बसला का?

त्या पराभवाने नाही. २६ ऑगस्ट २०१७ रोजी लास व्हेगास येथे बॉक्सर फ्लॉइड मेवेदरने एमएमएच्या मॅकग्रेगरला दहाव्या फेरीत थांबवले आणि आपली नोंद सलग ५० विजयांची केली. मॅकग्रेगरने सुरुवातीच्या काही फेऱ्या बऱ्या घेतल्या, पुढे दम संपला. कारकिर्दीतल्या पहिल्याच बॉक्सिंग लढतीत मेवेदरसमोर हरण्यात कमीपणा काहीच नाही.

त्याची कीर्ती घसरली ती नंतर. २०१६ मध्ये यूएफसीची दोन वजनगटांतील विजेतेपदे एकाच वेळी धारण करणारा तो पहिला खेळाडू ठरला होता. मेवेदरनंतर तो एमएमएत परतला तो २०१८ मध्ये, आणि खबीब नुरमागोमेदोवने त्याला चौथ्या फेरीत शरण आणले. २०२१ पर्यंतच्या चार एमएमए लढतींपैकी त्याने एकच जिंकली. एका रात्रीत आयुष्यभराची कमाई झाल्यावर पहाटे उठून सराव करण्याची भूक पूर्वीसारखी राहते का, असा प्रश्न त्याच्याकडे पाहून पडतो. माझ्या मते ती राहिली नाही.

बॉक्सिंगमध्ये जाऊन खरोखर जिंकलेला कोणी आहे का?

आहे. अँडरसन सिल्व्हा हा २००६ ते २०१३ या काळात यूएफसीचा मिडलवेट विजेता होता. १९ जून २०२१ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, मेक्सिकोतील ग्वादलाहारा येथे त्याने माजी विश्वविजेता हुलिओ सेझार चावेझ ज्युनिअर याला त्याच्याच देशात गुणांवर हरवले. चावेझ उतरणीला लागला होता आणि त्याने ठरलेले वजनही पाळले नव्हते, हे खरे. तरीही सिल्व्हाने जे बॉक्सिंग केले ते नीट बॉक्सिंग होते. त्याने तरुणपणीही अधूनमधून व्यावसायिक बॉक्सिंग केले होते, आणि एमएमएत असतानाही त्याची हुलकावणी व उलटा ठोसा बॉक्सरच्या वळणाचे होते. पुढे २०२२ मध्ये तो यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलकडून हरला. कीर्तीच्या हिशेबात मी त्या लढतीला फारसे वजन देत नाही.

कोल्हापूरच्या कुस्तीत याला समांतर असे काही आहे का?

आहे, आणि ते या शहराने जवळून पाहिले आहे. मातीतला पैलवान मॅटवर जातो तेव्हा त्यालाही खेळ बदलावा लागतो. मातीत निकाली कुस्तीची अपेक्षा असते, दीर्घ काळ जोड आजमावता येते आणि पाय जमिनीत रुतवून उभे राहता येते. मॅटवर वेळ मोजकी असते, प्रत्येक पकडीला गुण असतात आणि पाय सरकतात. महाराष्ट्र केसरीत गादी आणि माती असे दोन विभाग ठेवून त्यांच्या विजेत्यांची अंतिम कुस्ती लावली जाते, ती या दोन्ही परंपरांना मान देण्यासाठीच.

खाशाबा जाधव हे राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांनी केलेल्या मदतीमुळे जाऊ शकले. मातीत घडलेला हा मल्ल तेथे मॅटवर आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. पुढची चार वर्षे त्यांनी त्या नियमांचा सराव केला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले, आणि खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

खाशाबांची गुणवत्ता १९४८ मध्येही होतीच, फक्त चार वर्षांच्या सरावाने तिला मॅटची शिस्त लागली. एन्गानूला पहिल्या आणि दुसऱ्या लढतीच्या मध्ये चार वर्षे मिळाली असती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. मात्र वय ३७ होते आणि लढत भरवणाऱ्यांना त्याचे नाव ताजे असतानाच हवे होते, त्यामुळे ती वर्षे त्याला कधीच मिळणार नव्हती. दोन खेळ ओलांडणाऱ्या आजच्या लढतींचा माझ्या मते हाच सर्वांत मोठा दोष आहे: त्यात खेळाडूची उत्सुकता विकली जाते आणि त्याचे शिकणे अर्धवट राहते.

या लढती नूरा कुस्तीसारख्या आधी ठरवलेल्या असतात का?

एन्गानूच्या दोन्ही लढतींबाबत असे म्हणायला काहीही आधार नाही. ठरवून केलेल्या लढतीत विजेत्या फ्युरीला जमिनीवर लोळवण्याची योजना कोणी आखत नाही, आणि जोशुआच्या शेवटच्या ठोशानंतर एन्गानू ज्या अवस्थेत पडला ती पाहणाऱ्याला शंका उरू नये.

यूएफसी सोडण्याच्या त्याच्या निर्णयाला एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण असे करण्याचे धाडस पट्टा कमरेला असताना फार थोड्यांनी केले आहे. बॉक्सिंगमध्ये अमेरिकेत २००० सालापासून मुहंमद अली यांच्या नावाचा कायदा लागू आहे. त्यानुसार भरवणाऱ्याला लढतीतील आपल्या उत्पन्नाची माहिती बॉक्सरला द्यावी लागते, आणि खेळाडूला जखडून टाकणाऱ्या करारांवर मर्यादा आहेत. एमएमएला हा कायदा लागू नाही. तेथे विजेतेपद हे संस्थेचेच असते आणि करारही तिच्याच बाजूने झुकलेले असतात.

एन्गानूने बॉक्सिंग करण्याची मुभा, खेळाडूंसाठी आरोग्यविमा आणि त्यांची बाजू मांडणारा प्रतिनिधी अशा मागण्या केल्या. त्या मान्य झाल्या नाहीत, तेव्हा त्याने करार संपेपर्यंत वाट पाहिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तो बाहेर पडला. गानविरुद्ध त्याचे जाहीर मानधन ६ लाख डॉलर होते. फ्युरीविरुद्धच्या एका लढतीतून यूएफसीतील संपूर्ण कारकिर्दीपेक्षा अधिक मिळाले, असे त्याने स्वतः सांगितले आहे. मे २०२३ मध्ये पीएफएल या दुसऱ्या एमएमए संस्थेशी करार करताना त्याने आपल्या प्रतिस्पर्ध्यालाही किमान २० लाख डॉलर मिळावेत अशी अट घातली. समोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मानधनाची काळजी करणारा विजेता मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

जोशुआकडून हरल्यावर तो संपला का?

नाही. त्या पराभवानंतर थोड्याच आठवड्यांत, एप्रिल २०२४ मध्ये, त्याचा पंधरा महिन्यांचा मुलगा वारला. त्यानंतरही १९ ऑक्टोबर २०२४ रोजी तो एमएमएत परतला आणि त्याने रेनन फरेराला पहिल्याच फेरीत खाली घेऊन, वरून ठोसे मारून हरवले. गानविरुद्धच्या लढतीपासून एमएमएत तो पावणेतीन वर्षे उतरला नव्हता.

त्याची नोंद कशी वाचावी?

फरेराच्या लढतीअखेर एमएमएत १८ विजय व ३ पराभव, आणि बॉक्सिंगमध्ये दोन लढतींत दोन पराभव. हे आकडे एकत्र मिसळू नयेत. बॉक्सिंगच्या इतिहासात तो एक लक्षात राहणारी रात्र देऊन गेलेला पाहुणा आहे, विजेता नाही. एमएमएच्या इतिहासात त्याची जागा त्या दोन पराभवांमुळे एक इंचही खाली येत नाही.

मग एमएमएच्या सर्वश्रेष्ठ हेवीवेटमध्ये त्याचा क्रमांक कितवा?

फ्योदोर एमेल्यानेन्को सुमारे दहा वर्षे अजिंक्य राहिला. मिओचिचने यूएफसीचे हेवीवेट विजेतेपद सलग तीनदा राखले आणि एन्गानूशी त्याचा हिशेब एक-एक असा आहे. एन्गानूने ते एकदाच राखले. म्हणून मी त्याला या दोघांच्या मागे ठेवतो. शिखरावरच्या एन्गानूसमोर यांपैकी कोणीही टिकले नसते, असे मानणारे अनेक आहेत आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही, पण क्रमांक लढलेल्या लढतींवर लावावा लागतो.

त्याच्या कीर्तीतील खरी उणीव बॉक्सिंगच्या रिंगणात सापडत नाही. तो यूएफसीतून बाहेर पडल्यावर रिकाम्या झालेल्या विजेतेपदासाठी मार्च २०२३ मध्ये यूएफसीच्या खालच्या वजनगटाचा माजी विजेता जॉन जोन्स आणि सिरिल गान लढले, आणि जोन्सने गानला पहिल्याच फेरीत शरण आणले. जो गान एन्गानूने पाच फेऱ्या झुंजून हरवला, त्याच्यावर जोन्सने दोन-सव्वादोन मिनिटांत मात केली. एन्गानू आणि जोन्स ही जोड तेव्हा लागायला हवी होती. दोघेही तयार असल्याचे सांगत होते आणि प्रेक्षक वर्षानुवर्षे मागत होते, तरी करारांच्या भांडणात ती राहून गेली. फ्युरीला पाडणे किंवा जोशुआसमोर पडणे यांपेक्षा, ती न झालेली लढत त्याच्या नावापुढे अधिक काळ प्रश्नचिन्ह ठेवणार आहे.